शिवणीतली माया

‘फ्लॅटरिंग’ या शब्दाला मराठीत नेमकं काय म्हणायचं, हा प्रश्न मला वजन कमी झाल्यावर पडला. शब्दकोशात बघायला गेलं तर खुशामत करणारं, तोंडपुजं असलंच काहीतरी सापडतं. म्हणजे इंग्रजीत अंगाला छान दिसणारा ड्रेस हा मुळात गोड बोलून फसवणारा ड्रेस. आपल्याकडे कपडा बसतो, खुलतो, उठून दिसतो आणि मुख्य म्हणजे शोभतो. खरी गोची इथंच आहे. ‘शोभणं’ आपण नुसतं कपड्यांसाठी वापरत नाही. ‘हे वागणं तुला शोभत नाही’ आणि ‘स्लीव्हलेस तुला शोभत नाही’ ही दोन्ही वाक्यं मी एकाच माणसाकडून, एकाच सुरात ऐकली आहेत. पहिल्यात माझं वागणं चुकलेलं असतं, दुसऱ्यात माझे दंड जाड असतात.

दीड वर्षात माझं १९ किलो वजन कमी झालं. ८६ वरून ६७. वय २७, रक्तातली साखर काठावर, घरात बाबांना मधुमेह, म्हणून डॉक्टरांनी सांगितलं आणि मी ऐकलं. पिरंगुटहून हिंजवडीला रोजची ये-जा, दिवसभर खुर्ची आणि रात्री भात, असं माझं आयुष्य होतं. भाताचा उल्लेख करायलाच हवा, कारण मुळशीत राहून ‘भात सोडा’ म्हणणं म्हणजे आळंदीत राहून ‘विठ्ठल म्हणू नका’ म्हणण्यासारखं आहे. आंबेमोहोर शिजायला लागला की शेजारच्या तीन घरांना कळतं. मी भात सोडला नाही, वाटी लहान केली. चालायला लागले. साखर उतरली, पाठदुखी गेली, कैलासगड चढताना आता मध्येच बसावं लागत नाही. मला बरं वाटतंय, आणि या लेखात वजन कमी करण्याविरुद्ध एकही शब्द नाही. मला पडलेला प्रश्न त्याच्या पुढचा आहे.

वजन गेलं, पण आकार तिथंच राहिला. कंबर बरीच आत गेली. छाती आणि कमरेखालचा घेर मात्र आपापल्या जागी ठाम. त्यामुळे जीन्स मांडीला बसली की कमरेला मागे मूठ जाईल एवढी फट पडते. शर्टची बटणं छातीवर ताणतात आणि खांदे मात्र दंडावर उतरतात. कुर्ती एल घेतली तर श्वास अडकतो, एक्सएल घेतली तर तंबू. दंडाची कातडी सैल पडलीय, ती वेगळीच. लक्ष्मी रोड झाला, तुळशीबाग झाली, फोनवरची सगळी ॲप्स झाली. पार्सल घेऊन येणारा मुलगा आता बेल वाजवण्याआधीच विचारतो, “ताई, रिटर्न आहे का?” बारीक झालीस की काहीही घाल, सगळं छान दिसेल, असं मला दहा वर्षं सांगण्यात आलं होतं. ते साफ खोटं होतं.

ट्रायल रूममध्ये कपडा अंगात जात नाही तेव्हा पहिला विचार येतो, माझंच काहीतरी बिघडलंय. कपड्याचं बिघडलं असेल, हे मनातसुद्धा येत नाही. म्हणून मी जरा शोधलं, हे आकडे आले कुठून. अमेरिकेत १९३९-४० मध्ये सरकारने सुमारे १५ हजार बायकांची मापं घेतली, एकेकीची पन्नासहून जास्त. रूथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन यांचा त्यावरचा अहवाल १९४१ मध्ये निघाला. गरज खरीच होती, कारण तयार कपडे लोकांच्या अंगाला होत नव्हते. पण ज्या बायका गोऱ्या नव्हत्या त्यांची मापं हिशेबात धरलीच नाहीत. पुढे १९५८ मध्ये या कामावर आधारलेली प्रमाण मापं जाहीर झाली आणि १९८३ मध्ये ती मागेही घेतली गेली. तेव्हापासून लेबलवर कुठला आकडा टाकायचा हे ज्याचं त्यानं ठरवायचं, असा कारभार आहे. आपल्याकडे तर दुसऱ्या देशांचे तक्ते थोडेफार फिरवून वापरायची पद्धत पडली. अलीकडे निफ्टने ‘इंडियासाइज’ नावाचं सर्वेक्षण हाती घेतलं, सहा शहरांत, १५ ते ६५ वयाच्या २५ हजार लोकांची थ्रीडी स्कॅनरने मापं घ्यायची म्हणून. थोडक्यात, मी ज्या आकड्यासमोर मान खाली घालून उभी होते, तो आकडा मला कधी भेटलेलाच नाही.

वजनकाट्याचा आकडाही तसाच अर्धवट बोलतो, आणि याचा एक सुरेख पुरावा पुण्याचाच आहे. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांची तुलना छापून आली. एक, पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक. दुसरे, ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२. दुपटीहून जास्त. दोघंही दिसायला सडसडीतच. डॉक्टरांना यातून मधुमेहाविषयी शिकायचं होतं. मी त्यातून एक वेगळीच गोष्ट उचलली. बारीक दिसणं म्हणजे निरोगी असणं नव्हे, हे जर खरं असेल, तर बारीक दिसणं म्हणजे चांगलं माणूस असणं हे कुठून आलं?

कारण ते आलेलं आहे. एप्रिलमध्ये नात्यातल्या एका हळदीला मी अंजिरी साडी नेसले होते, बिनबाह्यांच्या ब्लाउजवर. एका मावशीनं मला आपादमस्तक पाहिलं आणि मनापासून म्हणाली, “आता कशी शोभतेस गं!” मला आवडलं. खोटं कशाला बोलू. मग तिनं शेजारी बसलेल्या माझ्या मामेबहिणीकडे मोर्चा वळवला. ती अकरावीत आहे आणि अंगानं मी होते तशीच आहे. “बघ ताईकडे. मनावर घेतलं की होतं.” पोरीनं हातातली जिलबी ताटात परत ठेवली. मी म्हटलं, “मावशी, मनावर नव्हतं घेतलं, रिपोर्टवर घेतलं होतं.” सगळे हसले. जिलबी मात्र ताटातच राहिली.

त्या जिलबीनं मला बरेच दिवस छळलं. कौतुक ही भेट असते असं आपण धरून चालतो. पण या भेटीची किंमत तिथंच बसलेल्या दुसऱ्या कुणीतरी चुकती केली होती. आणि एक किंमत मीही देत होते, कारण ‘आता शोभतेस’ हे मान्य करायचं तर ‘आधी शोभत नव्हतीस’ हेही मान्य करावं लागतं. म्हणजे प्रत्येक ‘थँक यू’ला मी माझ्याच जुन्या शरीराविरुद्ध साक्ष देत होते. ते शरीर काय गुन्हेगार होतं? त्याच शरीरानं मला बारावी पास केलं, पहिली नोकरी मिळवून दिली, बाबांच्या ऑपरेशनच्या रात्री हॉस्पिटलच्या बाकड्यावर ते माझ्याबरोबर जागं राहिलं.

यावर एक सोपं उत्तर इन्स्टावर मिळतं: लोकांच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नका, स्वतःवर प्रेम करा. हा सल्ला देणाऱ्यांच्या घरी नातेवाईक येत नसावेत. मला छान दिसायला आवडतं, दुसऱ्यानं ते सांगितलेलं आवडतं, आणि त्यात लाजण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही. मावशीही वाईट नाही. तिलाही आयुष्यभर याच पट्टीनं मोजलं गेलंय. मला खटकतो तो एकच शब्द, ‘आता’. ‘छान दिसतेस’ आणि ‘आता छान दिसतेस’ यांत केवढं अंतर आहे, ते जिच्या वाट्याला दोन्ही आलंय तिला विचारा.

आणि दुसरं ते ‘मनावर घेतलं की होतं’. माझ्या १९ किलोंत माझं मन किती होतं? होतं, नाही म्हणत नाही. पण आहाराची फी भरण्याएवढा पगार होता. आठवड्यातले दोन दिवस घरून काम होतं, म्हणून सकाळी चालता आलं. आणि माझ्यासाठी वेगळी भाकरी-भाजी करणारी आई होती, जिचं स्वतःचं वजन या दीड वर्षात कुणी विचारलंही नाही. मनावर घेतलं म्हणताना या सगळ्यांना आपण गाळतो आणि वजनाचं प्रगतिपुस्तक करून टाकतो.

गंमत म्हणजे मुळशी हा तालुका शरीराचं कौतुक करण्यात कधीच मागे नव्हता. हा पैलवानांचा मुलूख. महाराष्ट्र केसरीची चांदीची गदा ज्यांच्या स्मरणार्थ दिली जाते ते मामासाहेब मोहोळ याच तालुक्यातले. आमच्याकडे पुरुषाचं अंग ‘भरलेलं’ असतं, बाईचं ‘सुटलेलं’. तालीम सोडून वीस वर्षं झालेला माणूस, पोट पुढे आलेलं, पांढराशुभ्र घेरदार झब्बा घालून लग्नात येतो तेव्हा लोक उठून म्हणतात, “या पैलवान!” त्याला कुणी सांगत नाही, आता झब्बा शोभत नाही म्हणून. मला त्याचा मान काढून घ्यायचा नाही. उलट, त्याच्या झब्ब्याएवढी ऐसपैस जागा मला हवी आहे.

कुस्तीत वजनाला अर्थ आहे, हेही इथल्या कुणालाही कळतं. पॅरिस ऑलिंपिकमध्ये ऑगस्ट २०२४ ला विनेश फोगाट ५० किलो गटाच्या अंतिम फेरीच्या सकाळी १०० ग्रॅम जास्त भरली आणि बाद झाली, तेव्हा आमच्या गल्लीत मयत झाल्यासारखी शांतता होती. रात्रभर ती वजन उतरवत होती, केससुद्धा कापले होते. नियम क्रूर वाटला, पण त्यामागचं कारण समजतं. समोरचा गडी आपल्याच वजनाचा असावा लागतो. हळदीच्या मांडवात माझ्यासमोर कोण उभं असतं?

तर मग कपडे निवडायचे कशाच्या आधारावर? काळा रंग, उभ्या रेघा, पोट दाबून धरणारी आतली चड्डी, हे सगळे उपाय मी करून बघितले. ते खोटे आहेत म्हणून मी त्यांच्यावर चिडलेले नाही. काजळही तसं खोटंच असतं. पण काही कपडे मला लपवत होते आणि काही मला जागा देत होते, आणि हा फरक अंगाला कळत होता. कटोरी ब्लाउज घ्या. छातीला वेगळी वाटी कापतात, ती खालच्या पट्टीला जोडतात, त्यामुळे छाती दबत नाही आणि खाली कमरेलाही ब्लाउज नीट बसतो. सरळ कापलेल्या कुर्तीच्या बाजूला कळी घातली की कमरेखाली कापड अडकत नाही, आपोआप पडतं. उरेब कापलेलं कापड अंगाबरोबर वळतं. नाडीच्या सलवारीला तर साइजच नसते. यांतल्या एकाही युक्तीत शरीराविषयी खोटं सांगितलेलं नाही. उलट हे कापणाऱ्याला शरीर कुठं गोल आहे हे माहीत आहे आणि त्याचं त्याला काही वाटत नाही. मी माझ्यापुरती एक परीक्षा ठरवली आहे: हा कपडा घालून पंगतीत मांडी घालून बसता येतं का, आणि मठ्ठ्याची दुसरी वाटी घेता येते का? येत नसेल तर कितीही फ्लॅटरिंग असो, रिटर्न.

जुन्या कपड्यांचं काय करायचं, हा प्रश्न मला वाटला होता त्याहून अवघड निघाला. फोनवर सगळे सांगतात, मोठ्या मापाचे कपडे ताबडतोब घराबाहेर काढा, परतीचे दोर कापा. कोंढाण्यावर सूर्याजीनं दोर कापले ते मावळ्यांनी पळू नये म्हणून. माझ्या कपाटातून पळून कोण कुठं जाणार होतं? दुसरा प्रकार तुम्ही पाहिलाच असेल: जुन्या पँटच्या एकाच पायात उभं राहून, कंबर हातभर पुढे ताणून काढलेला फोटो. मैत्रिणीनं आग्रह केला, पण माझ्यानं होईना. त्या फोटोत मी नक्की कुणाला हसणार होते? शेवटी आईनं निकाल लावला. दोन कुर्त्या तिनं उसवून स्वतःसाठी ठेवल्या, मऊ झालेल्या सुती ओढण्या गोधडीसाठी काढल्या, बाकीचं गाठोडं बोहारणीला. बोहारीण प्रत्येक कपडा पसरून, उजेडात धरून बघत होती. “मोठ्ठा आहे, कापड चांगलं निघंल,” म्हणाली आणि झाकणासकट एक पातेलं दिलं. डबल एक्सएलला कुणीतरी भाव जास्त देतंय, असं मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं.

रेडिमेडला कंटाळून मी शेवटी गावातल्या ब्लाउज शिवणाऱ्या काकूंकडे गेले. रस्त्याकडेची खोली, एक मशीन, भिंतीला पिना आणि दोरे. माप घेऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, “माया किती ठेवू?”

ज्यांनी कधी शिवणकाम जवळून पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. टिपेच्या पलीकडे, आतल्या बाजूला, जे जास्तीचं कापड सोडतात त्याला माया म्हणतात. ममता, पैसा आणि भ्रम हे मायेचे तीन अर्थ आपल्याला ठाऊक असतात. हा चौथा बहुधा आई-आजीला ठाऊक असतो. अंग भरलं की टीप उसवायची आणि मायेतून कापड घ्यायचं. अंग उतरलं की आतून आणखी एक टीप. अंगातला रेडिमेड टॉप एकदा उलटा करून बघा. ओव्हरलॉकच्या दोऱ्याला चिकटून जेमतेम सेंटिमीटरभर कापड असेल. हजारो नग काढणाऱ्या कारखान्याला तेवढी पट्टी वाचवणंही परवडतं. पण त्यामुळे बदलायची सगळी जबाबदारी अंगावर येऊन पडते.

काकूंच्या प्रश्नाला माझ्याआधी आईनं उत्तर दिलं. “माया ठेवू नका. अंगाबरोबर शिवा. तेवढाच धाक राहील हिला.”

आईचं म्हणणं मी हसण्यावारी नेलं नाही. कमी झालेलं वजन पुष्कळ जणांचं परत येतं, हे मलाही माहीत आहे. जागा ठेवणं म्हणजे हरण्याची तयारी ठेवणं, असं तिला वाटत होतं. आणि त्यात तथ्यही आहे. आमच्या घरात आजोबांनी माळ घातली होती. माळ घातल्यावर थोडंसं मटण चालेल, सणापुरतं चालेल, असली माया त्यांनी ठेवली नाही, म्हणून तर ती माळ टिकली. मग शरीराबाबत हाच कडकपणा का नको?

दोन-तीन दिवस मी यावर विचार केला, आणि मला वाटतं दोन गोष्टींत फरक आहे. व्रत आपण करण्याचं घेतो. काय खायचं, किती चालायचं, हे माझ्या हातात आहे. त्याची माळ मी घालू शकते. कमरेचा घेर ही माझी कृती नव्हे. त्यात माझं चालणं आहे, तसंच वय आहे, थायरॉइड आहे, उद्याचं बाळंतपण आहे, एखादं मोडलेलं हाड आणि तीन महिन्यांचं अंथरूण आहे, कुठल्या तरी औषधाची सूज आहे. चौतीस इंचांचं व्रत घेणं म्हणजे पाऊस कधी पडेल त्याची शपथ घेण्यासारखं. आणि ती मोडली की शिक्षा कुणाला? कपाटात लटकलेला, न होणारा ब्लाउज रोज सकाळी बघणारीला.

आजीला हा प्रश्न कधी पडला नसावा. पुढं गाठ मारायची चोळी आणि नऊवारी, दोन्हींत माया बाहेरूनच ठेवलेली. पाच बाळंतपणं त्याच बेताच्या चोळ्यांत झाली. तिच्या घरातला काटा फक्त तांदळासाठी होता. पण म्हणून तिचा काळ मला परत नकोय. आजोबा गेल्यावर तिनं हिरवा खण पेटीत ठेवला तो कायमचा, कारण तो तिला ‘शोभत नव्हता’. तेव्हा तिचं वजन काही वाढलेलं नव्हतं.

मी काकूंना दोन्हीकडून एकेक इंच माया ठेवायला सांगितली. आई त्या दिवशी घरी येईपर्यंत बोलली नाही. नंतर म्हणाली, “माझ्या जांभळ्या साडीवरच्या ब्लाउजात बघ गं, आहे का काही आत.” होती. दोन्ही बाजूंना, सव्वा-सव्वा इंच, इतक्या वर्षांत रंगसुद्धा न उडालेली.

मागच्या महिन्यात मामेबहिणीच्या कॉलेजात साडी डे होता. ब्लाउज शिवायला तिला कुणाबरोबर जायचं होतं, तर माझ्याबरोबर. काकूंनी खांदा घेतला, मुंढा घेतला, बाही घेतली, पोरगी ठीक होती. टेप कमरेला आली तसा तिनं श्वास आत ओढला आणि पोट पाठीला लावून उभी राहिली. मी हे आरशात कित्येक वर्षं पाहिलेलं आहे. काकूंनी टेप आवळली नाही की आकडा वाचला नाही. दोन्ही टोकं हातात धरून त्या दाराबाहेर बघत राहिल्या. पौडकडे एक डंपर गेला, त्यामागं दुसरा.

“सोड गं श्वास,” काकू म्हणाल्या. “मी थांबलेय.”

बऱ्याच वेळानं तिनं तो सोडला. काकूंनी वहीत आकडा लिहिला आणि मान वर न करता विचारलं, “माया किती ठेवू?”

“म्हणजे काय?” तिनं विचारलं. काकूंनी मशीनवरचा अर्धा शिवलेला कुणाचा तरी ब्लाउज उचलला, उलटा केला आणि शिवणीत बोट घालून तिला दाखवायला लागल्या.